रंगीत लेझर प्रिंटर पुन्हा पुन्हा बिघडतोय? कागदापासून तपासायला सुरुवात करा

"कलर फिका यी राह्यना भाऊ, मशीनच बदली टाकू का?" असा फोन वर्षभर येतो, पण मार्चअखेर आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात जरा जास्तच. फोन करणारा कधी सीएच्या ऑफिसातला असतो, कधी पतसंस्थेतला, कधी कोचिंग क्लासचा, कधी रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी. परिस्थिती सगळीकडे तीच. एक रंगीत लेझर प्रिंटर, त्यावर आठ-दहा माणसं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी जुनीच तक्रार. कुणीतरी येऊन टोनर बदलून जातो, आठवडा बरा जातो, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात प्रिंटर दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे सरळ सांगतो: मशीन खरोखर कामातून गेलंय असं क्वचित निघतं. दोष बहुतेक वेळा कागदात, कूलरच्या हवेत किंवा भिंतीवरच्या बोर्डात सापडतो. हे सगळं नीट करूनही तक्रार परत आली, तर समजायचं की खरेदीच्या वेळी मशीन लहान घेतलं गेलं. त्या खरेदीचं शेवटी बोलू. आधी लक्षणं.

लक्षणं नीट बघून घ्या

"प्रिंट खराब येते" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. यातलं नेमकं काय होतंय ते बघा:

- पूर्ण पान फिकं, किंवा एकच रंग फिका.
- अक्षरांच्या आणि चौकटींच्या कडेला लाल-निळी सावली, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत.
- वरपासून खालपर्यंत उभी रेघ. पांढरी की रंगीत, हे वेगळं लिहून ठेवा.
- ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा तोच डाग.
- बोटाने घासलं की अक्षर पुसतं.
- कोऱ्या जागेवर करडी किंवा गुलाबीसर झाक.
- कागद अडकणं, किंवा दोन-तीन कागद एकदम ओढले जाणं.
- छापता छापता थांबून "कॅलिब्रेटिंग" दाखवत बसणं.

कोणता रंग कमी पडतोय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. या मशीनमध्ये निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा असे चार टोनर असतात, बाकी सगळे रंग यांच्या मिश्रणातून होतात. भगवा म्हणजे पिवळा अधिक मॅजेंटा. पिवळा संपत आला की भगवा गुलाबी पडतो, मॅजेंटा संपत आला की हळदी दिसतो. हिरवा निळा दिसायला लागला तर तिथेही पिवळाच गायब आहे. उत्सवाची पत्रकं छापणाऱ्यांच्या हे सगळ्यात आधी लक्षात येतं, कारण गुलाबी भगवा कोणतंही मंडळ घेत नाही.

कशालाही हात लावण्याआधी दोन पानं छापा

मशीनच्या स्वतःच्या मेनूत रिपोर्ट नावाचा भाग असतो. त्यातून वापराचं पान आणि कार्ट्रिजच्या स्थितीचं पान छापून घ्या. पहिल्यावर आजवर एकूण किती पानं निघाली, त्यातली रंगीत किती आणि काळी किती हे असतं. दुसऱ्यावर प्रत्येक रंग अंदाजे किती टक्के उरलाय ते. दोन्हींवर तारीख टाका आणि फाइलला लावा. खर्च दोन कागदांचा, पण पुढचे निम्मे निर्णय या आकड्यांवर होतात. गावोगावी विचारून पाहिलंय, आपल्या प्रिंटरचा काउंटर किती झालाय हे सांगता येणारा माणूस ऑफिसात सहसा नसतोच.

मशीनचा दोष की फाइलचा?

त्याच मेनूतून डेमो पान किंवा प्रिंट क्वालिटी पान छापा. यात संगणकाचा काही संबंध येत नाही. हे पान स्वच्छ आलं तर मशीन ठीक आहे, भानगड फाइल किंवा ड्रायव्हरमध्ये (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे. एकाच टेबलावरून फिकं येत असेल तर त्या संगणकावर कुणीतरी टोनर बचत किंवा ड्राफ्टची खूण करून ठेवलेली सापडते. काटकसर म्हणून केलेली असते, आणि नंतर सगळे विसरतात.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट उतरतो, हा बिघाड नाही. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते आणि कागदावर पावडर बसते; स्क्रीनवरच्या काही छटा पावडरीतून निघतच नाहीत. लोगोचा निळा जुळवायचा असेल तर फाइलमधली रंगाची किंमत बदलून चार-पाच नमुने छापून बघा, मशीन उघडू नका.

ज्यांच्याकडे स्कॅनर-कॉपी असलेलं मशीन आहे त्यांनी आणखी एक बघा. उभी रेघ फक्त कॉपीत येते आणि संगणकावरून दिलेल्या प्रिंटमध्ये नसते का? तसं असेल तर कारण ठरलेलं: वरून कागद ओढणाऱ्या फीडरच्या खाली, मोठ्या काचेच्या कडेला बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते, तिच्यावर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा ठिपका बसलेला असतो. ओलसर मऊ कापडाने पुसा, वाळलेला ठिपका नखाने हलकेच काढा. एवढ्यासाठी ड्रम, म्हणजे ज्यावर आधी चित्र उमटतं तो आतला रोलर, बदलून घेतलेले लोक मी पाहिलेत.

कागद

इथे घाई करू नका, कारण आपल्या हवेत सगळ्यात जास्त तक्रारी इथेच सुटतात.

लेझर प्रिंटरचं काम विजेच्या भारावर चालतं. टोनरच्या पावडरीला भार दिलेला असतो, कागदामागच्या विरुद्ध भाराने ती ओढून कागदावर बसते आणि मग फ्यूजरच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या रोलरच्या, उष्णतेने वितळून चिकटते. चांगल्या कागदातही ४ ते ६ टक्के ओलावा असतोच. तो वाढला की कागदावरचा भार निसटून जातो आणि पावडर नीट बसत नाही. पान फिकं येतं, कुठे डागडाग दिसतात, कागद वळतो आणि अडकतो. रंगीत मशीनमध्ये हे जास्त जाणवतं, कारण एकाच कागदावर चार रंग बसायचे असतात.

पावसाळ्यात कागद ओला होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यातही कागद ओला होतो, आणि त्याचं कारण कूलर. बाहेर पारा ४४-४५ वर, खिडकीत डेझर्ट कूलर लावलेला, त्याच्या वाऱ्याच्या झोतात प्रिंटर आणि शेजारी उघडी रिम. सकाळी कूलर लागायच्या आधी प्रिंट झकास, दुपारी दोननंतर फिकी: असा प्रकार दिसला की टोनरला दोष देऊ नका. प्रिंटर झोतातून बाजूला सरकवा, ट्रेमधला कागद काढा, न फोडलेल्या रिममधून दहा कागद घेऊन छापा. फरक तिथेच दिसतो.

याच ओलाव्यातून "प्रिंटरमधून धूर निघतोय" हा घाबरवणारा फोन येतो. बहुतेक वेळा ती वाफ असते. दमट कागद गरम फ्यूजरमधून गेला की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. मात्र जळका वास असेल तर तर्क करत बसू नका, बटण बंद करून प्लग काढा.

रिम फोडल्यावर उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा, जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून नको. ट्रेमध्ये दिवसभर लागेल तेवढाच घाला. गोदामातून आणलेली रिम न फोडता एक दिवस ऑफिसात राहू द्या.

कागदाची जाडी वजनकाट्यावर तपासता येते. ए४ आकाराचे ५०० कागद ८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम) असतील तर रिम साधारण अडीच किलो भरते, ७५ चे असतील तर २.३ किलोच्या वर, ७० चे असतील तर २.२ किलोच्या आसपास. रिमवर ७५ छापलंय आणि काटा दोन किलो दाखवतोय, किंवा पाचशेऐवजी साडेचारशेच कागद निघतायत, तर दुकान बदला. पातळ कागद एकदम दोन-दोन ओढला जातो आणि फ्यूजरला गुंडाळला जातो.

बोटाने अक्षर पुसत असेल तर बहुधा जाड कागद साध्या कागदाच्या सेटिंगवर छापलाय. प्रमाणपत्राचा जाड कागद घातला की ड्रायव्हरमध्ये आणि ट्रेच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे, कागदाचा प्रकार बदला. मशीन मग वेग कमी करतं आणि टोनर नीट वितळायला वेळ देतं.

काही कागद रंगीत लेझरमध्ये घालायचेच नाहीत. इंकजेटचा चकचकीत फोटोपेपर, साधं प्लॅस्टिक, अर्धे स्टिकर काढलेली लेबलची पानं, उठावाच्या अक्षरांची लेटरहेड, चमकीच्या पत्रिका. फ्यूजर साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो. यातलं काहीतरी वितळून त्याला चिकटलं की फ्यूजरच बदलावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो. लग्नसराईत हौसेने पत्रिका छापायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

वीज

मशीन मधेच बंद होऊन चालू होतं, वारंवार कॅलिब्रेशन करतं, फ्यूजरची त्रुटी दाखवून परत ठीक होतं. अशा वेळी प्लग कुठे आहे ते बघा. संगणकाच्याच छोट्या यूपीएसला किंवा इन्व्हर्टरच्या बोर्डाला लावलेला असेल, तर आधी तिथून काढून भिंतीवरच्या स्वतंत्र सॉकेटला लावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. फ्यूजर तापताना लेझर प्रिंटर काही क्षण हजार वॅटच्या आसपास किंवा त्याहून जास्त खेचतो. यूपीएस तेवढं देऊ शकत नाही; एक तर तो खाली बसतो, नाहीतर प्रिंटरला अर्धवट वीज मिळते. स्वस्त इन्व्हर्टरची वीज तर महावितरणच्या विजेसारखी गुळगुळीत लहरीची नसतेच.

आपल्याकडच्या मशीनला २२० ते २४० व्होल्ट लागतात, फार तर १० टक्के इकडे-तिकडे. तालुक्याच्या गावी दुपारी दिवे मंद होत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज आणि अर्थिंग तपासून घ्या. हे स्वतः करू नका. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर प्रिंटरच्या कमाल वॅटपेक्षा मोठा घ्या.

वीज वाचवायला दर तासाला प्रिंटर बंद करण्याची सवयही मोडा. प्रत्येक वेळी चालू झाल्यावर मशीन स्वतःला साफ करतं, रंग जुळवतं, आणि त्यात चारही टोनर थोडे थोडे खर्च होतात. दिवसभर स्लीपवर राहू द्या, संध्याकाळी बंद करा.

जागा आणि धूळ

बहुतेक पुस्तिकांमध्ये प्रिंटरसाठी १० ते ३२ अंश तापमान सांगितलेलं असतं. पत्र्याच्या छताखालच्या ऑफिसात मे महिन्यात हे पाळणं अवघड, हे मान्य. पण निदान पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन मशीनवर नको, आणि मागे-बाजूला वीतभर जागा मोकळी हवी. जास्तीचं कार्ट्रिज गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, पावडरीच्या गुठळ्या होतात.

धुळीचे प्रकार धंद्यानुसार बदलतात. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू, डाळ मिलमध्ये पीठ, नंदुरबारकडे मिरचीच्या हंगामात तिखटाची धूळ, क्लासमध्ये खडू. तंतू कागद ओढणाऱ्या रोलरवर बसतात आणि कागद घसरतो. मशीन बंद करून, ट्रे काढून, पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पिकअप रोलर फिरवत पुसा. पुसल्यावर पुन्हा खडबडीत वाटला तर बरं. काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो बदलायचा. रोलर हा या मशीनमधल्या स्वस्त भागांपैकी एक आहे.

खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करा, पण हळदी-कुंकू वरच्या फटींपासून लांब, आणि अगरबत्ती दुसऱ्या टेबलावर.

कार्ट्रिज

इथवर पैसे लागले नाहीत. आता झाकण उघडायचं. खिडकीचा पडदा ओढा, कारण ड्रम उजेडाने खराब होतो. कार्ट्रिज बाहेर काढलंत तर कापडाने झाका आणि चमकत्या पृष्ठभागाला बोट लावू नका. फिका असलेला रंग काढा, पाळणा हलवावा तसं आडवं धरून पाच-सहा वेळा हलवा आणि परत बसवा. थोडे दिवस रंग सुधारला तर कार्ट्रिज संपत आलंय, नवीन मागवा. नव्या कार्ट्रिजची सील ओढायची राहिली आहे का, हेही बघा. हसू नका, राहते.

आता रिफिलबद्दल. काळ्या-पांढऱ्या मशीनमध्ये चांगल्या माणसाने केलेलं रिफिल चालून जातं. रंगीत मशीनमध्ये, त्यातही गर्दीच्या ऑफिसात, मी ते करू देत नाही. प्रत्येक कंपनीच्या पावडरीचा वितळण्याचा अंश आणि भार धरण्याचा गुण तिच्या मशीनपुरता जुळवलेला असतो. चारातली एक पावडर दुसरीच घातली की ती उशिरा वितळते आणि पुसते, किंवा भार कमी धरते आणि कोऱ्या कागदावर झाक मारते. शिवाय सील सैल राहिली की पावडर ट्रान्सफर बेल्टवर, म्हणजे रंग कागदापर्यंत नेणाऱ्या पट्ट्यावर, गळते. दोन हजार वाचवून बेल्ट घालवायचा, असा तो हिशेब होतो. ज्यांना रिफिलच परवडतं त्यांनी निदान चारही रंग एकाच ठिकाणचे घ्यावेत आणि गळती दिसली त्याच दिवशी ते कार्ट्रिज बाहेर काढावं.

सांडलेली पावडर कोरड्या कापडाने टिपा, हात आणि कपडे थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती चिकटते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. पावडर इतकी बारीक असते की त्याच्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर पसरते. काही मशीनना वाया गेलेल्या टोनरचा वेगळा डबा असतो. तो भरला की बदलायचा, झटकून परत लावायचा नाही.

क्लीनिंग पान आणि कॅलिब्रेशन

क्रम असा: आधी मेनूतून क्लीनिंग पान दोन-तीनदा चालवा, मग कॅलिब्रेशन, मग डेमो पान. क्लीनिंगमुळे फ्यूजरवरची सुटी पावडर निघते. कॅलिब्रेशनमध्ये मशीन बेल्टवर रंगाचे पट्टे काढून सेन्सरने वाचतं आणि चारही रंगांची जागा व गडदपणा जुळवतं. अक्षरांच्या कडेची सावली यानेच जाते. मशीन एका टेबलावरून दुसऱ्यावर हलवलं, कार्ट्रिज बदललं, की हे करायचंच. कॅलिब्रेशन नीट पूर्ण होऊनही दुसऱ्या दिवशी सावली परत आली, तर बेल्ट किंवा सेन्सर. तो तुमचा विषय नाही.

पांढरी बारीक उभी रेघ कार्ट्रिज हलवूनही राहिली, तर लेझरच्या काचेवर धूळ असू शकते. काही मशीनमध्ये ही काच पुसायची दांडी कंपनीनेच दिलेली असते आणि पुस्तिकेत कृती असते. तशी दांडी असेल तर वापरा. नसेल तर काचेपर्यंत पोहोचायला स्क्रू खोलू नका.

पट्टी घेऊन डाग मोजा

पानावर एकाखाली एक तोच डाग येत असेल, तर दोन डागांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. आतला प्रत्येक ड्रम आणि रोलर गोल आहे, त्याच्यावर जिथे ओरखडा असेल तो प्रत्येक फेऱ्याला एकदा छापला जातो. म्हणजे डागांमधलं अंतर हे त्या रोलरच्या परिघाएवढं. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा डाग साधारण ७५ मिलिमीटरवर पडतो, ३० मिलिमीटरच्या ड्रमचा ९४ वर. कोणत्या मॉडेलमध्ये कोणत्या रोलरचं अंतर किती, हा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, काही वेळा साध्या पुस्तिकेतही.

डाग एकाच रंगाचा असेल तर त्या रंगाचा ड्रम. ज्या मशीनमध्ये ड्रम आणि टोनर एकाच कार्ट्रिजमध्ये आहेत तिथे कार्ट्रिज बदललं की काम झालं. डाग चारही रंगांत एकाच जागी येत असेल तर बेल्ट किंवा फ्यूजर. हे मोजमाप फोनवर सांगितलंत तर येणारा माणूस योग्य भाग घेऊन येतो, दुसरी फेरी वाचते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्या कोणत्याही गोष्टीत स्वतः हात घालू नका: जळका वास, खटखट किंवा गिअर घसरल्याचा आवाज, बंद-चालू करूनही परत येणारी फ्यूजर, लेझर किंवा मोटरची त्रुटी, फ्यूजरला गुंडाळलेला कागद, बेल्टवर पसरलेली पावडर, आणि मशीनच्या अंगाला हात लावल्यावर लागणारा विजेचा झटका. झटक्याच्या वेळी आधी इलेक्ट्रिशियन, मग प्रिंटरवाला. आत फ्यूजर बराच वेळ गरम राहतो आणि काही भागांत उच्च व्होल्टेज असतं. अडकलेला कागद कात्रीने किंवा पेचकसाने ओढला तर बेल्ट आणि फ्यूजरचं आवरण फाटतं. मशीन गार होऊ द्या, मागचं दार उघडा, दोन्ही हातांनी सरळ ओढा. नाही आला तर सोडून द्या.

वॉरंटीत असलेल्या मशीनचा एकही स्क्रू बाहेरच्या माणसाकडून खोलून घेऊ नका, अगदी माझ्याकडूनही.

दुरुस्तीवाला आला की त्याला वापराचं पान, खराब प्रिंट आणि मोजलेलं अंतर द्या. कोणता भाग बदलणार, त्या भागाचं आयुष्य किती पानांचं, आणि जुना भाग परत मिळेल ना, हे विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. बेल्ट आणि फ्यूजर मिळून खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, आणि काउंटरही भरपूर पुढे गेला असेल, तर मी स्वतः दुरुस्ती करू नका म्हणून सांगतो.

दुरुस्ती टिकतच नसेल तर

सगळं करून झालं, भागही अस्सल बसवले, तरी चार महिन्यांत तेच. आता ते वापराचं पान काढा आणि आजचं नवं छापा. दोन काउंटरमधला फरक भागिले मधले महिने, ही तुमची महिन्याची खरी पानं.

प्रिंटरच्या माहितीपत्रकावर दोन आकडे असतात आणि दुकानदार मोठा तेवढाच वाचून दाखवतो. ड्यूटी सायकल म्हणजे एखाद्या महिन्यात मशीन जास्तीत जास्त किती सोसेल. शिफारस केलेली मासिक पानं म्हणजे रोजच्या वापरात किती काढावीत. ड्यूटी सायकल ४०,००० लिहिलेल्या लहान मशीनची शिफारस २,५०० पानांपर्यंतचीच असू शकते. आठ माणसं, प्रत्येकी रोज २५ पानं, २५ दिवस: ५,००० झाली. असं मशीन दर महिन्याला दुप्पट ओढलं जातंय. त्याचे रोलर, बेल्ट, फ्यूजर लवकर झिजणारच, त्यात कंपनीची काही चूक नाही. नवीन घेताना तुमची खरी पानं शिफारशीच्या मधल्या भागात बसतील असं मशीन बघा. मार्चचा आणि जुलैचा आकडा वेगळा काढा; सीएच्या ऑफिसात वर्षाची सरासरी फसवते.

दुसरं, त्या पानांपैकी रंगीत किती? अनेक ठिकाणी पाऊण हिस्सा कामाला रंग लागतच नाही, फक्त लेटरहेडवरच्या लोगोमुळे सगळं रंगीत मोजलं जातं. तिथे एक दणकट काळं-पांढरं मशीन रोजच्या कामाला आणि एक मध्यम रंगीत मशीन गरजेपुरतं, ही जोडी एका मोठ्या रंगीत मशीनपेक्षा स्वस्त पडते. एक बंद पडलं तरी ऑफिस थांबत नाही. तोवर आहे त्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये काळं-पांढरं हे मूळ सेटिंग ठेवा, रंग हवा असेल त्याने निवडावा.

पानाचा खर्च खरेदीआधी काढा. समजा काळं कार्ट्रिज ६,००० रुपयांचं आणि ३,००० पानांचं, म्हणजे पानाला २ रुपये. रंगीत प्रत्येकी ७,००० चं आणि २,००० पानांचं, म्हणजे एका रंगाला साडेतीन, तिघांचे साडेदहा. रंगीत पान साडेबारा रुपयांना पडलं. यातली पानांची संख्या आयएसओ/आयईसी १९७९८ या चाचणीची असते, आणि तिथल्या नमुना पानांवर प्रत्येक रंग साधारण ५ टक्के जागाच व्यापतो. पानभर पिवळी पार्श्वभूमी असलेली जाहिरात पिवळा टोनर वीसपट खाते. शिवाय ऑफिसात दोन-दोन पानांची कामं येतात आणि प्रत्येक कामाच्या आधी-नंतर ड्रम फुकट फिरतो, त्यामुळे लिहिलेली संख्या गाठली जाईल असं धरू नका. खोक्यासोबत आलेलं कार्ट्रिज अनेकदा पूर्ण भरलेलं नसतं, हेही विचारून घ्या.

बाकीच्यात मी तीन गोष्टींवर अडून बसतो: दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई, दुसरा ट्रे बसवायची सोय, आणि नेटवर्कची वायर. वायफाय असू दे, पण दहा माणसांचं मशीन वायरवरच बरं. मिनिटाला २२ पानं की २८, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

महिन्याला ८-१० हजारांच्या वर पानं जात असतील तर भाड्याचं मशीन आणि पानामागे ठरलेला दर हा मार्ग विचारात घ्या. किमान पानांची अट किती, टोनर आणि ड्रम दरात धरलेत का, रंगीत पान कशाला म्हणायचं, हे करारात लिहून घ्या. आणि भेटीची मुदत. शहादा, नवापूर, चोपडा, मुक्ताईनगर इथल्या ऑफिसांनी हे तर आधी विचारावं: माणूस जळगाव-धुळ्याहून येणार की नाशिकहून, किती तासांत, आणि फ्यूजर लागला तर तो कुठल्या शहरात ठेवलेला असतो.